शिळा श्वास

बुधवारी सहाला गोदीतल्या वजनकाट्याचा हिशेब मिटवून
मी टेकडी चढते. एकशे बासष्ट पायऱ्या.
वालपाराइसोत सगळं काही चढावरच असतं,
शिकवणीसुद्धा.
दॉन एलेउतेरियो दार उघडायच्या आधीच आतून बोलतात :
"आधी चाकू."

म्हणजे ओबोच्या पेटीला हात नाही लावायचा.
खिडकीशी टेबल, टेबलावर बोरूचे तुकडे, दोरा, मेण,
आणि ते पातं,
ज्यानं त्यांच्या डाव्या तर्जनीवर
चाळीस वर्षं बारीक बारीक सह्या केल्यात.
मी पत्ती तासते. केसाएवढी.
मग केसाच्या निम्मी.
ते ती दिव्यासमोर धरतात, एक डोळा मिटतात.
"इथं अजून लाकूड उरलंय," म्हणतात.
जरा थांबून, "तुझ्यातही."

वाद्यवृंदात दुसऱ्या ओबोची एकच जागा.
पाच महिने एकच पान.
मला वाटायचं माझा श्वास पुरत नाही,
चौतिशी उलटली, गोदीतली धूळ, जिने.
त्यांनी पत्तीचं तोंड माझ्या डोळ्यांपुढे धरलं :
"मुंगीला वाकून जावं लागेल इथून.
हवा लागते किती?
तुझ्याकडे हवा कमी नाही, इस्मेनिया,
शिळी हवा फार आहे.
आधी सोड. मग घे."
आणि पेन्सिलीनं पानावर लिहिलं,
अकराव्या मात्राखंडावर : सोड.
सतराव्यावर : सोड.

आमच्या घरी कुणी काही सोडत नाही.
आई अजून विकलेल्या बोटीच्या पावत्या इस्त्री करून ठेवते.
आणि मी, चौथीत एका बाईंनी
"तू नुसते ओठ हलव" म्हटलेलं,
आजवर फुप्फुसात घेऊन हिंडते.

खालून गॅसवाला येतो, सिलिंडरवर पाना बडवत.
मी वैतागून थांबते.
"थांबू नकोस. तिथं परीक्षक खोकतील.
मोज त्याच्या ठेक्यात."
तर माझ्या संथ भागाची तालीम
मी एका गॅसवाल्याबरोबर केली आहे.
उतारावर तो पळतो.
मला मागे राहायला शिकावं लागलं.

फी साखरेच्या भांड्याखाली ठेवायची, न बोलता.
जूनमध्ये तीन आठवडे मला जमलं नाही.
ते तीनही बुधवार
त्यांनी चहा बिनसाखरेचा घेतला,
भांडं उचलावं लागू नये म्हणून.
हे मला फार उशिरा कळलं,
तेव्हा मी एका लांब सुरात होते
आणि सूर हलला.

निवडीच्या दिवशी मध्ये काळा पडदा,
पायाखाली गालिचा, बुटांवरून माणूस कळू नये म्हणून.
अकराव्यात मी सोडला.
सगळा. चौथीच्या वर्गासकट.
एवढं शांत झालं
की पडद्यापलीकडे कुणीतरी
स्वतःचाही सोडलेला ऐकू आला.
पुढचं मला नीट आठवत नाही.
सतराव्यात बोट घसरलं, एवढं आठवतं.

पत्र तीन ओळींचं होतं. सभ्य.

बुधवारी मी चढले. वाटेत दोनदा परत फिरले होते
ते त्यांना सांगितलं नाही.
निकाल त्यांनी विचारला नाही.
"सोडलास?"
"अकराव्यात. सतराव्यात विसरले."
ते बराच वेळ मेण बोटांत मळत राहिले.
"मग एक जागा तर मिळाली," म्हणाले,
आणि स्वतःच्याच विनोदावर
ठसका लागेपर्यंत हसले, म्हातारे.

मी पेटी उघडली.
चाकूचं नाव त्यांनी काढलं नाही आज.
खाली गॅसवाला वळणावर आला होता.
त्याला पुढे जाऊ दिलं,
आतलं सगळं बाहेर टाकलं,
आणि दुसऱ्याच पानावर बोट ठेवून
विचारलं, हे कधी घ्यायचं?